व्हीएमसीचं स्पिंडल बेअरिंग सारखं सारखं जातंय? नवीन टाकायच्या आधी जुनं उघडून बघा

आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये एका व्हीएमसीचं (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा भाग, १४ महिन्यांत ३ वेळा गेलं. दर वेळी लक्षणं तीच. आधी जॉबच्या फेसवर बारीक रेघा दिसायला लागतात, इन्सर्ट (कटरची बदलायची धार) बदलला तरी जात नाहीत, मग १५०० आरपीएमच्या वर नेलं की कुरकुर, आणि आठ-दहा दिवसांत असा आवाज की मशीन चालवायची भीती वाटावी. दर वेळी बेअरिंग बदललं, मशीन सुरू केलं, चार-पाच महिन्यांनी परत तेच. तिसऱ्या वेळी कारण सापडलं आणि त्यानंतर दोन पावसाळे गेले, ते स्पिंडल उघडावं लागलेलं नाही. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मशीन साधं आहे. बीटी ४० (टूल होल्डरच्या निमुळत्या टेपरचा साइज), बेल्ट ड्राइव्ह, ८००० आरपीएम, मोटर ७.५ किलोवॅट. स्पिंडलच्या पुढच्या बाजूला ७०१४ चा अँग्युलर कॉन्टॅक्ट सेट, म्हणजे बोअर ७०, ओडी (बाहेरचा व्यास) ११०, जाडी २०, ग्रीस भरलेला. जॉब म्हणजे बिडाची हाऊसिंग, ८० च्या फेसमिलने वरचा फेस मारायचा, मग बोअरिंग, ड्रिल, टॅप. अधूनमधून ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट. दोन शिफ्ट आणि गुरुवारी सुट्टी. हा गुरुवार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिल्या वेळी सगळ्यांनी ऑपरेटरवर ढकललं. महिनाभर आधी त्याच्याकडून टूल क्लॅम्पला लागलं होतं, त्यामुळे बेअरिंग त्यानेच घालवलं असं ठरून गेलं. मीही त्याला चारचौघांत बोललो, आणि बोलताना बेअरिंग उघडून बघितलं सुद्धा नव्हतं, ते भंगारात गेलेलं होतं. दुसऱ्या वेळी शंका बेअरिंगवर. माल डुप्लिकेट असेल, ग्रीस हलकं असेल, बसवणाऱ्याने ठोकून बसवलं असेल, ज्याला जे सुचेल ते. त्यात स्पिंडल विकणारा एक जण म्हणाला की ८००० वाली जुनी झाली, सिरॅमिक बॉलचं १२००० वालं कार्ट्रिज (बेअरिंगसकट तयार स्पिंडल) टाका आणि पुली बदला, स्पीडही मिळेल आणि कटकटही संपेल. आम्ही टाकलं. ते पाचव्या महिन्यात गेलं. शिवाय त्या पाच महिन्यांत बिडाचं फेसिंग आधीपेक्षा हळू चालायला लागलं ते वेगळंच, त्याच्याकडे पुढे येतो.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं की आपल्यासमोर उघडल्याशिवाय स्पिंडल कुठे पाठवायचं नाही. स्पिंडलची कामं करणारे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो आणि टेबलाजवळ उभा राहिलो. पुढचा सेट निघाला. त्यांनी बाहेरची रिंग पुसायच्या आधी बोटावर ग्रीस घेऊन मला दाखवलं. ग्रीसचा रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा, आणि चोळलं तर फेस यावा तसं. मग रिंग रॉकेलने धुतली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. ट्रॅकवर, म्हणजे बॉल पळतात त्या खाचेवर, तपकिरी डाग, एकसारख्या अंतरावर, बांगडीवर टिकल्या लावाव्यात तसे. केजमध्ये (बॉल धरणारा पिंजरा) दोन बॉलांमध्ये जेवढं अंतर तेवढंच दोन डागांमध्ये. आणि सिरॅमिकचे बॉल मात्र काळे चकचकीत, जसेच्या तसे. मिस्त्री म्हणाले, "शेठ, हे बेअरिंग पळून नाही मेलं, उभं राहून मेलंय."

या एका वाक्याने माझे १४ महिने सुटले. फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं तर ते सगळीकडे पसरतं. थांबलेल्या बेअरिंगमध्ये शिरलं तर ते बॉल आणि ट्रॅक जिथे टेकतात त्या बारीक फटीत जाऊन बसतं आणि तिथेच गंज धरतो, प्रत्येक बॉलखाली एक डाग. नंतर मशीन सुरू झालं की बॉल त्या डागांवरून लाखो वेळा जातात, डागाच्या कडा उखडतात, उखडलेली पूड ग्रीसमध्ये मिसळते आणि मग उरलेला ट्रॅक पण जातो. सिरॅमिकचा बॉल गंजत नाही हे खरंच, पण रिंगा स्टीलच्याच असतात ना. म्हणून महागडं बेअरिंग टाकूनही काही फरक पडला नव्हता.

घरी येऊन ब्रेकडाऊनचं रजिस्टर काढलं. तिन्ही वेळा "आवाज येतो" ही पहिली नोंद शुक्रवारी, पहिल्या शिफ्टची. एकदा नाही, तिन्ही वेळा. तेव्हा गुरुवारचा अर्थ लागला. बुधवारी रात्री सेकंड शिफ्ट सुटते, शेवटचा माणूस मशीन बंद करतो, लगेच कंप्रेसर बंद करतो, दिवे घालवतो आणि जातो. त्या वेळी स्पिंडल गरम असतं, नोज (स्पिंडलचं खालचं तोंड) कूलंटने निथळत असतं, आणि पुढे ३० तासांच्या आसपास कोणी तिकडे फिरकत नाही.

आता स्पिंडलच्या आत काय होतं ते बघा. बहुतेक व्हीएमसीच्या स्पिंडलला पुढे रबरी सील नसतो, कारण त्या स्पीडला रबर घासून जळेल. त्याऐवजी लॅबिरिंथ असतो, म्हणजे वळणावळणाची बारीक फट, आणि त्या फटीतून आतून बाहेर थोडी हवा सतत सोडलेली असते, तिला एअर पर्ज म्हणतात. ही हवा चालू आहे तोवर कूलंट आत येऊ शकत नाही. कंप्रेसर बंद झाला की ही राखण संपली. स्पिंडलच्या आतली हवा समजा ४५ अंशाला आहे आणि रात्रीतून ती २२ अंशावर आली, तर ती साधारण ७ टक्के आकसते. ती जागा भरायला बाहेरून काहीतरी आत ओढलं जाणार, आणि बाहेर फटीच्या तोंडावर कूलंट लोंबकळतंय. म्हणजे स्पिंडल स्वतःच कूलंटचा घोट घेतं. रोज रात्री थोडं थोडं आणि बुधवारी रात्री सगळ्यात जास्त वेळ, कारण मध्ये कोणी फिरवायला नाही.

हे एक कारण. दुसरं सापडलं ते त्याहून वाईट, कारण ते मशीन चालू असताना घडत होतं. पर्जची हवाच ओली होती. ३० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅमपर्यंत पाण्याची वाफ मावते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा जवळपास त्या हद्दीपर्यंत भरलेलीच असते. कंप्रेसर ती हवा ७ बारला दाबतो म्हणजे आठपट लहान करतो, थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी सुटतं आणि ते टाकीत, पाइपात, एफआरएलच्या (हवा गाळून दाब नेमणारं युनिट) वाटीत येतं. वाटी भरली आणि कोणी सोडली नाही तर तेच पाणी पुढे स्पिंडलमध्ये. आमच्याकडे ड्रायर होता, पण त्याचा ऑटो ड्रेन गाळाने तुंबलेला होता, किती दिवसांपासून ते सांगता येणार नाही. म्हणजे बेअरिंग वाचवायला जी हवा द्यायची तिच्यातूनच आम्ही पाणी पाजत होतो.

तुमच्याकडे असं आहे का हे बघायला काही महागडं लागत नाही. स्पिंडल थांबवा, इमर्जन्सी दाबा, पर्जची हवा या स्थितीत चालू राहते का ते आधी बघून घ्या, आणि मग टिश्यू पेपरची अरुंद पट्टी नोजच्या फटीजवळ धरून गोल फिरवा. सगळीकडून हलली पाहिजे, एका बाजूला हलते आणि दुसरीकडे मेल्यासारखी लोंबते तर फट चिपने किंवा वाळलेल्या कूलंटने बुजलीय. मग पर्जचा पाइप मशीनच्या बाजूला सोडवून ती हवा एक-दोन मिनिटं स्वच्छ आरशावर मारा. आरशावर धुकं किंवा तेलाचे ठिपके आले तर तुमचं उत्तर तिथेच आहे. पर्जचा दाब किती ठेवायचा ते मशीनच्या मॅन्युअलात असतं, तेवढाच ठेवा, जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं असं नाही, फार दाब दिला तर बेअरिंगमधलं ग्रीस हलतं.

आम्ही काय बदललं ते सांगतो. ड्रेन साफ करून रोज सकाळी हाताने सोडायची सवय लावली, पर्जच्या लाइनला स्वतंत्र बारीक फिल्टर बसवला, आणि पर्ज मशीनच्या मेन व्हॉल्व्हच्या आधी वेगळा काढला म्हणजे मशीन बंद केलं तरी हवा चालू राहते. शिफ्ट सुटायच्या आधी कूलंट बंद करून स्पिंडल १० मिनिटं ५०० वर फिरवायचं, नोज फडक्याने पुसायचं, मग मशीन बंद, आणि कंप्रेसर त्यानंतर अर्ध्या तासाने, तोवर साफसफाई आणि रजिस्टर भरणं होतं. कूलंटचे नोझल नोजवर मारत होते ते वळवून टूलच्या टोकावर आणले. कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रण किती घट्ट ते दाखवणारं यंत्र) तपासलं तर ३ टक्क्यांवर आलेलं, रोज नुसतं पाणी ओतून पातळी राखली जात होती, म्हणजे जे आत शिरत होतं ते जवळजवळ नळाचं पाणीच. आता मिसळलेलंच ओततो आणि आठवड्याला मोजतो. या सगळ्याला मिळून लागलेला खर्च एका बेअरिंग सेटपेक्षा कमी.

आणि त्या ऑपरेटरला बोलावून सांगितलं की तुझी चूक नव्हती, सगळ्यांसमोर सांगितलं, जसं बोललो होतो तसं.

आता सगळ्यांचं कारण पाणीच असेल असं नाही. म्हणून परत म्हणतो, जुनं बेअरिंग पुसून धुवून नीट बघा, ते सगळं सांगतं. डाग बॉलच्या अंतरावर आहेत पण तपकिरी नाहीत, चमकदार खोल खळगे आहेत, तर ती धडक आहे, टूल कुठेतरी जोरात आपटलंय. रिंग निळसर किंवा पिवळसर झालीय आणि ग्रीस काळं कोरडं पडलंय तर उष्णता, म्हणजे प्रीलोड (बसवतानाच बेअरिंगला दिलेला दाब) जास्त, ग्रीस जास्त भरलेलं किंवा झेपत नाही त्या स्पीडला सतत चालवलेलं. ट्रॅकवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या पट्ट्या एकसारख्या उठल्यात तर ड्राइव्हमधून करंट बेअरिंगमधून जातोय, अर्थिंग बघा, हे मोटर आतच असलेल्या स्पिंडलमध्ये जास्त होतं. आणि ट्रॅकवर बारीक धूसर खरखर, जसं सँडपेपर मारलाय, तर बिडाची पूड आत गेलीय. बीड सुकं मारणाऱ्यांना हा त्रास फार, ती पूड पिठासारखी बारीक असते आणि लॅबिरिंथमधून बरोबर वाट काढते, इलाज पुन्हा पर्जचाच.

काही वेळा बेअरिंग ठणठणीत असतं आणि फिनिश खराब यायचं कारण टेपरमध्ये असतं, विनाकारण स्पिंडल उतरवलं जातं. त्यासाठी आधी टेस्ट मँड्रेल (तपासणीचा सरळ दांडा) लावून डायल गेज मारा, नोजजवळ आणि ३०० मिलिमीटर खाली. नोजजवळ बरोबर आणि खाली खूप फिरतंय तर टेपर किंवा होल्डर बघा. होल्डरला ब्लू (टेक दाखवणारा निळा रंग) लावून टेपरचा टेक बघा, मोठ्या बाजूला पूर्ण गोल टेक आला पाहिजे. लहान बाजूलाच टेक येत असेल तर बऱ्याचदा पुल स्टड (होल्डरच्या मागची गुंडी, जिला धरून तो आत ओढला जातो) कोणीतरी पाइप लावून आवळलेला असतो, त्याने होल्डरचं मागचं तोंड फुगतं, डोळ्याला दिसत नाही पण ब्लूला दिसतं. पुल स्टड ४५ अंशाचा की ६० चा हेही बघा, दोन्ही बीटी ४० मध्ये येतात, वरून सारखे दिसतात, आणि चुकीचा लावला तर ग्रिपर अर्धाच धरतो. टेपरवर लालसर भुरा डाग पडत असेल तर होल्डर आत सूक्ष्म हलतोय, म्हणजे ओढ कमी पडतेय. बीटी ४० ला साधारण ८०० ते १००० किलोची ओढ लागते, ती ड्रॉबारवरच्या (स्पिंडलच्या आतला, होल्डर ओढणारा दांडा) डिस्क स्प्रिंगा देतात आणि त्या थकतात, मधली एखादी तुटते. ओढ मोजायचा गेज मिळतो, स्वतःकडे नसेल तर कोणाकडून आणून वर्षातून दोनदा मोजा. फक्त एक सांगतो, ड्रॉबार स्वतः खोलायच्या भानगडीत पडू नका, त्या स्प्रिंगांत साठलेला जोर माणसाला जन्माचा अधू करू शकतो, प्रेस आणि फिक्स्चर असलेल्याकडेच द्या.

आता दुसरी चूक, जी आमच्या पैशाने केली, १२००० चं स्पिंडल. ही खूप जण करतात म्हणून जरा बसून सांगतो. आपल्याकडे स्पिंडल घेताना दोनच आकडे विचारले जातात, आरपीएम किती आणि किलोवॅट किती. दोन्ही जास्त तर चांगलं. पण बीड मारायला लागतो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि टॉर्कचा आकडा कोणी विचारत नाही.

आमचाच जॉब घेऊ. फेसमिल ८० ची, ६ इन्सर्ट, कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर, म्हणजे स्पिंडल साधारण ८०० आरपीएम. दाताला ०.१५ फीड धरला तर टेबल फीड ७२० च्या आसपास. खोली ३, रुंदी ६०. मिनिटाला जवळजवळ १३० घनसेंटिमीटर बीड निघतं. बिडाला लागणारा कटिंग फोर्स चौरस मिलिमीटरला १३०० न्यूटन धरला तर कटिंगलाच २.८ किलोवॅट, आणि बेल्टचा लॉस, इन्सर्टची बोथट झालेली धार हे धरून ३.५ किलोवॅट. टॉर्क काढायचं सूत्र सोपं आहे, ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम, म्हणजे ४२ न्यूटन मीटर लागले.

आता मोटर काय देते. ७.५ किलोवॅट हे प्लेटवर लिहिलंय पण ते बेस स्पीडच्या वर. आमच्या मोटरचा बेस स्पीड १५००. त्याखाली टॉर्क तेवढाच राहतो आणि किलोवॅट आरपीएमच्या हिशोबाने कमी होत जातात. १५०० ला टॉर्क सुमारे ४८, तोच ८०० ला. एकास एक पुली होती तेव्हा स्पिंडलला ४८ मिळत होते आणि लागत होते ४२, भागत होतं. १२००० साठी पुली १ ला १.५ केली, स्पीड दीडपट झाला आणि टॉर्क दीडपट कमी, ३२ वर आला. लागतात ४२, मिळतात ३२. लोड मीटर लाल, स्पिंडल दबून आवाज बदलतो, शेवटी खोली ३ ची २ केली तेव्हा चाललं, म्हणजे जिथे एक पास लागायचा तिथे दोन. मोटर तीच, प्लेट तीच, ७.५ किलोवॅट. विकणारा खोटं बोलला नव्हता, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

म्हणून स्पिंडल किंवा मशीन घेताना पॉवर आणि टॉर्कचा ग्राफ मागा आणि तुमच्या सगळ्यात जड टूलच्या आरपीएमवर बोट ठेवून तिथे किती टॉर्क आहे ते वाचा. ग्राफवर दोन रेषा असतात, एक सतत चालवायची, एस १, दुसरी थोडा वेळ चालवायची, एस ६ किंवा ३० मिनिटांची. जाहिरातीत बहुतेक दुसरीचा मोठा आकडा असतो. तुमचा फेसिंगचा पास लांब असेल आणि जॉबमागून जॉब असेल तर पहिलीच रेषा धरा.

ड्राइव्हबद्दल माझं मत असं. बीड, एमएस आणि मोठे टॅप असतील तर बेल्ट किंवा गियरवालं बरं, खाली टॉर्क मिळतो, आणि बेल्टवाल्यात बिघाड झाला तर मोटर वेगळी स्पिंडल वेगळं, दुरुस्ती आटोक्यात. ॲल्युमिनियम आणि बारीक कटर असतील तर डायरेक्ट कपलिंगवालं, बेल्टचा थरथराट फिनिशवर येत नाही. मोटर आतच असलेलं स्पिंडल डाय-मोल्डवाल्यांना किंवा १५०००-२०००० च्या वर ज्यांना खरोखर रोज जायचंय त्यांनाच, त्याला चिलर लागतोच, आणि ते बिघडलं की सगळं एकदम उचलून पाठवावं लागतं. टेपरचं म्हणाल तर बीटी ३० ड्रिल-टॅप आणि ॲल्युमिनियमला, बीटी ४० सगळ्याला, बीटी ५० मोठ्या बोअरिंग आणि जाड फेसिंगला. स्पीड खूप असेल तर एचएसके जातीचा होल्डर, कारण बीटीमध्ये वेगाने स्पिंडलचं तोंड किंचित फाकतं आणि होल्डर वर ओढला जातो, एचएसके टेपर आणि फेस दोन्हींवर टेकतो म्हणून जागेवर राहतो.

बेअरिंगचा हिशोबही विचारा. बोअर आणि ओडीची सरासरी गुणिले आरपीएम हा आकडा काढा. ७०१४ ची सरासरी ९०, ८००० ला ७ लाख २० हजार, १२००० ला १० लाख ८० हजार. स्टील बॉल आणि ग्रीस असेल तर १० लाखांच्या आसपास ढोबळ हद्द येते, त्याच्या वर सिरॅमिक बॉल किंवा ऑइल-एअर (हवेबरोबर थोडं थोडं तेल) लागतं. सिरॅमिकचा बॉल स्टीलच्या निम्म्याहून हलका, त्यामुळे वेगात बाहेर फेकला जायचा जोर कमी, म्हणून तो गार चालतो. पण कॅटलॉगात लिहिलेला स्पीड एकट्या बेअरिंगचा असतो, चारचा सेट प्रीलोड देऊन लावला की तो बराच खाली येतो. आणि स्पीड पाहिजे म्हणून प्रीलोड हलका, कॉन्टॅक्टचा कोन २५ ऐवजी १५ अंश, असं केलं की स्पिंडल उभ्या दाबाला तेवढं कडक राहत नाही. ड्रिलिंगचा दाब जास्त असेल तर तेही मोजावं लागतं. सगळं एका स्पिंडलमध्ये मिळत नाही.

गरम होण्याचं पण बघा. स्टील एका मीटरला एका अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचं स्पिंडल १५ अंश तापलं तर ५२ मायक्रॉन खाली येतं. सकाळी सेट केलेला झेड दुपारी पाच शतांश खोल जातो तो यामुळे, सेटर बिचारा ऑफसेट मारत बसतो. टॉलरन्स बारीक असेल तर स्पिंडल कूलर मागून घ्या, नंतर बसवणं महाग पडतं.

बेअरिंग नवीन टाकलं की रन-इन केल्याशिवाय स्पिंडल मशीनवर कामाला लावू नका. ग्रीस पोकळीच्या पाव भागाहूनही कमी भरतात, आमच्या मिस्त्रींनी क्लूबरचं आयसोफ्लेक्स एनबीयू १५ सिरिंजने मोजून भरलं, आणि रन-इनमध्ये ते पसरून जागेवर बसतं. ५०० पासून सुरुवात, मग हजार-हजारने वर, दर टप्प्याला तापमान वाढून स्थिर होऊ द्यायचं आणि मगच पुढे. मध्ये तापमान ५५ च्या वर पळायला लागलं तर थांबवून गार करून परत खालच्या टप्प्यापासून. आमचा पूर्ण दिवस गेला. कोणी सांगत असेल की एका तासात बसवून देतो तर त्याला रन-इन कसं करणार ते विचारा. रोज सकाळी पण थंड स्पिंडल एकदम ६००० ला नेऊ नका, १५ मिनिटं चढत्या स्पीडने फिरवा.

मदत हवी असेल तर नुसतं "स्पिंडल आवाज करतंय" असं लिहू नका. बेअरिंग नंबर, पुली रेशो, मोटरचा बेस स्पीड, सगळ्यात जड टूल कोणतं आणि कोणत्या आरपीएमला, पर्जची हवा कुठून घेतलीय, बिघाड आठवड्यातल्या कोणत्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि धुतलेल्या रिंगचा तिरक्या उजेडात काढलेला फोटो, एवढं टाका. ग्रीस पुसायच्या आधीचाही एक फोटो ठेवा, तो पुरावाच सगळ्यात आधी पुसून फेकला जातो.

आमच्या मशीनला आम्ही परत ८००० चं स्पिंडल आणि एकास एक पुली बसवली, ३ मिलिमीटरचा पास पुन्हा चालू झाला. १२००० चं कार्ट्रिज नवीन बेअरिंग टाकून दुसऱ्या व्हीएमसीवर लावलं, तिथे फक्त ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट चालतात, १६ चा एंडमिल १०००० ला. तिथे ते छान चाललंय, आणि बुधवारी रात्री मशीन बंद केल्यावर त्याचाही पर्ज अर्धा तास चालू असतो.